डोंगर जळला, विहिरीला काय त्याचं?

फेब्रुवारी-मार्चच्या दिवसांत संध्याकाळनंतर पेणहून रोह्याला कधी गेला आहात का? एसटीने जा नाहीतर रेल्वेने जा, खिडकीतून एक दृश्य हमखास दिसतं. काळोखात डोंगर दिसत नाही, पण डोंगराच्या अंगावर लाल-पिवळी वाकडीतिकडी रेघ मात्र लखलखत असते. "ती बघा, डोंगराला माळ घातली!" असं एखादं पाहुणं पोर आनंदाने ओरडतं. शेजारी बसलेले आजोबा मात्र म्हणतात, "माळ कसली बाळा, वणवा लागलाय तो."

वणवा म्हटलं की आपल्याला काय आठवतं? होरपळलेली झाडं, सशाची पिल्लं, घरट्यातली अंडी. शाळेच्या निबंधात आपण तेच लिहितो आणि ते खरंही आहे. पण आज मी तुम्हाला डोंगरावर नाही, डोंगराच्या पोटात घेऊन जाणार आहे. कारण आमच्या वर्गातल्या एका मुलीने विज्ञानाच्या तासाला मला विचारलं, "बाई, डोंगर जळला तर जळला. आमची विहीर तर खाली आहे. विहिरीला काय त्याचं?"

प्रश्न साधा होता. उत्तर मात्र पाचोळ्यापासून सुरू होऊन पार खाडीतल्या शिंपल्यापर्यंत जातं. चला, आपण त्याच वाटेने जाऊ.

आधी आपल्याकडच्या वणव्याबद्दल थोडं. ऑस्ट्रेलियात किंवा अमेरिकेत वीज पडूनही जंगलं पेटतात. आपल्या रायगडात वीज कडाडते ती पावसाच्या तोंडावर किंवा भर पावसात. गवत वाळून कडकडीत झालेलं असतं त्या महिन्यांत आभाळ स्वच्छ असतं. तेव्हा "फांद्या घासून आग लागली" ही बहुतेक वेळा सांगायची गोष्ट असते! आपल्याकडचा वणवा जवळजवळ नेहमी माणसाच्या हातून लागतो. कुणी विडीचं थोटूक टाकतो, कुणी ससा-रानडुक्कर उठवायला गवत पेटवतो, कुणी बांधावरचा कचरा जाळतो आणि वारा सुटतो. "गवत जाळलं की पुढच्या पावसात चांगलं येतं" म्हणून मुद्दाम काडी लावणारेही आहेत. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही बरं का. जुनं वाळकं गवत गेलं की नवा कोंब लवकर दिसतो, राखेतलं पालाशही त्याला मिळतं. पण त्याची किंमत कुठे मोजली जाते, हे त्यांना दिसत नाही.

पान कशाचं बनतं?

आता एक कोडं. एक किलो वाळलेला पाचोळा पूर्ण जाळला तर किती वजनाचा कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडेल? अर्धा किलो? पाऊण किलो?

उत्तर आहे, दीड किलोहून जास्त! चक्रावलात ना? एक किलो पाचोळ्यात साधारण ४५० ग्रॅम कार्बन असतो. जळताना कार्बनचा प्रत्येक कण हवेतला ऑक्सिजन ओढून घेतो. कार्बनचं वजन १२ धरलं तर त्याला येऊन चिकटणारा ऑक्सिजन ३२. म्हणजे १२चे झाले ४४. आता त्रैराशिक मांडा. ४५० ग्रॅमचे होतात १६५० ग्रॅम. हे गणित सहावी-सातवीच्या मुलांनी वहीत करून पाहावं. आई-बाबांनाही घालावं.

पण हा कार्बन पानात आला कुठून? हवेतूनच. पावसाळ्यात ऐन, किंजळ, साग, खैर, पळस आणि डोंगरभरचं गवत हवेतला कार्बन डाय-ऑक्साइड घेतात आणि उन्हाच्या मदतीने त्याचं पान, खोड, मूळ बनवतात. माघ-फाल्गुनात पान गळतं. त्याचा पातेरा होतो. पाऊस आला की पातेरा कुजतो. वाळवी, गांडुळं, बुरश्या आणि डोळ्यांना न दिसणारे जिवाणू त्यावर ताव मारतात. त्यांच्या श्वासातून बराचसा कार्बन पुन्हा हवेत जातो. थोडा मात्र मातीत मुरतो. काळीभोर, भुसभुशीत, छान वासाची जी माती झाडाखाली असते ना, तिचा काळेपणा म्हणजे हाच कार्बन. शेतकरी त्याला सेंद्रिय कर्ब म्हणतात. घरी मृदा आरोग्य पत्रिका असेल तर काढून पाहा. त्यात 'सेंद्रिय कर्ब' असा एक रकाना असतोच.

हा मातीतला साठा किती मोठा असावा? जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटर थरात सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन आहे. हवेत आहे तो ९०० अब्ज टनांच्या आसपास, आणि पृथ्वीवरच्या सगळ्या झाडाझुडपांत त्याच्याही निम्मा. म्हणजे हवा आणि झाडं दोघं मिळून मातीच्या पुढे कमी पडतात. आपण कार्बनचं बोलताना वर धुराकडे बघतो. खरी तिजोरी पायाखाली आहे!

मग वणवा या तिजोरीचं काय करतो?

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. गवत जळून जो वायू हवेत गेला, तो पुढच्या पावसात नवं गवत पुष्कळसा परत घेतं. त्यामुळे नुसत्या गवताच्या धुराने जग बुडालं असं मी म्हणणार नाही. नुकसान होतं ते परत न येणाऱ्या गोष्टींचं. वीतभर वाढलेली सागाची, आंब्याची रोपं जळतात. ती झाड झाली असती तर पन्नास-शंभर वर्षं कार्बन धरून बसली असती. आणि पातेरा जळतो, म्हणजे मातीच्या तिजोरीत त्या वर्षी पडणारी भरच बंद होते. एक वर्ष ठीक. पण काही डोंगर दरवर्षी जळतात. घरातला डबा रोज उघडायचा आणि भरायचा कधीच नाही, असं किती दिवस चालेल?

काळ्या कोळशाची गंमत

जळालं म्हणजे सगळं संपलं, असं मात्र नाही. वणव्यानंतर डोंगर काळा दिसतो, पांढरा नाही. हा काळा रंग म्हणजे अर्धवट जळालेला कार्बन, म्हणजेच कोळसा.

कोळसा कसा होतो हे आपल्याकडच्या कातकरी बांधवांपेक्षा चांगलं कुणाला माहीत असणार? पूर्वी खैराच्या लाकडाचा कात काढायचा म्हणून कातकरी, आणि पुढे त्यांतल्या कित्येकांनी कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरी केली. लाकडं रचायची, वरून पाला आणि माती लिंपायची, हवा अगदी कमी मिळेल असं बघायचं आणि मग पेटवायचं. ऑक्सिजन पुरत नाही म्हणून लाकूड जळून राख होत नाही, भाजून कोळसा होतं. वणव्यातही एखाद्या जाड खोडाच्या आत, पातेऱ्याच्या खालच्या थरात हेच घडतं.

कोळशाची खासियत अशी की जिवाणूंना तो पचत नाही. पान त्यांना भाकरीसारखं, तर कोळसा दगडासारखा! त्यामुळे तो मातीत शेकडो, कधी हजारो वर्षं तसाच राहतो. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती खणून काढली. अशा ठिकाणी चुलींमधला कोळसा सापडतो आणि त्यावरूनच वस्तीचं वय काढता येतं. तिकडे दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या खोऱ्यात जुन्या लोकांनी कोळसा, कचरा मिसळून केलेली काळी माती आजही आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सुपीक आहे.

हे सांगितलं तेव्हा वर्गातला एक हुशार मुलगा लगेच म्हणाला, "मग बाई, वणवा चांगलाच की! कार्बन मातीत पक्का होतो." असे प्रश्न विचारणारी मुलं मला फार आवडतात. त्याच्यासाठी हा हिशेब. जगभरच्या आगींतून वर्षाला साधारण २ अब्ज टन कार्बन हवेत जातो. कोळसा होऊन मागे राहतो तो सुमारे पाव अब्ज टन. म्हणजे आठ रुपये उधळायचे आणि एक रुपया गल्ल्यात टाकायचा. आणि तो एक रुपया तरी आपल्या डोंगरावर टिकतो का? तो टिकत नाही, कारण आपला पाऊस!

पहिल्या पावसात काय होतं?

मातीला उष्णता पटकन आत जात नाही. गवताचा वणवा वाऱ्याबरोबर झपाट्याने पुढे सरकतो तेव्हा वर ज्वाळा असतात, पण चार बोटं खाली माती जेमतेम कोमट होते. म्हणून पळसाची, सागाची मुळं जगतात आणि पुन्हा फुटतात. मुंग्याही खाली सुरक्षित राहतात. पण एखादा मोठा ओंडका तासन्‌तास धुमसत राहिला तर त्याच्या खालची माती विटेसारखी लाल होते. कुंभाराच्या भट्टीत माती लाल होते तसंच. त्या जागेतले जिवाणू, बी-बियाणं, सेंद्रिय कर्ब सगळं गेलेलं असतं.

आणखी एक विचित्र प्रकार होतो. पानांवर मेणाचा पातळ थर असतो, अळूच्या पानावरून पाणी ओघळतं तो यामुळेच. आगीत हे मेण वितळून, वाफ होऊन मातीत शिरतं आणि थोडं खाली गार मातीच्या कणांवर जाऊन बसतं. त्या मातीवर पाण्याचा थेंब टाकला तर तो मोत्यासारखा गोल राहतो, आत शिरायलाच तयार होत नाही! पाइनची आणि निलगिरीची जंगलं जिथे जळतात तिथे हा प्रकार फार दिसतो. आपल्याकडे मात्र खरा घात होतो तो पातेऱ्याची गोधडी गेल्यामुळे.

रायगडात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही चार महिन्यांत. मृगाचा पहिला पाऊस टपोऱ्या थेंबांनी येतो. झाडाखाली पातेरा असला तर थेंब त्याच्यावर आपटतो, पाणी हळूच खाली झिरपतं. पातेरा नसला तर थेंब थेट मातीवर हातोडीसारखा बसतो. माती उडते, राखेचे बारीक कण मातीची छिद्रं बुजवतात आणि पाणी उतारावरून धावत सुटतं. जाताना राख, कोळसा आणि वरची काळी माती घेऊन जातं. आधी वहाळ, मग पेणच्या बाजूला भोगावती, अंबा, रोह्याच्या बाजूला कुंडलिका, आणि शेवटी धरमतरची किंवा रेवदंड्याची खाडी. काही शतकांत साठलेली माती एका दुपारी निघून जाते.

आता विहिरीकडे येऊ. आपला डोंगर बेसाल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. या दगडात वाळूसारखी पोकळी नसते. पाणी राहतं ते दगडाच्या भेगांत आणि वरच्या मुरमाच्या थरात. ही टाकी तशी लहानच. जूनमध्ये भरायला लागते, ओसंडून वाहते आणि होळीनंतर रिकामी व्हायला लागते. तीन हजार मिलिमीटर पावसाचं कौतुक सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये वाडीतल्या बायांना झऱ्याच्या खड्ड्यातून वाटीने पाणी भरावं लागतं ते यामुळे. अशा टाकीत पाणी उतरवायचं काम डोंगरावरची सच्छिद्र, कर्बाने भरलेली माती करते. ती स्पंजासारखी पाणी धरते आणि थेंबथेंब खाली सोडते. माती गेली की स्पंज गेला.

इथे एक खरी गोष्ट लपवणार नाही. जगात काही ठिकाणी मोठ्या आगीनंतर झऱ्यांचं पाणी चक्क वाढलेलं आढळलं आहे! कारण पाणी पिणारी झाडंच मेली. म्हणून "वणवा लागला की लगेच विहीर आटते" असं सरळ समीकरण मांडू नका. जिथे माती टिकली, तिथे एखाददोन वर्षं असं होऊ शकतं. पण आपल्यासारख्या तीव्र उताराच्या, मुसळधार पावसाच्या प्रदेशात दरवर्षीच्या वणव्याने माती टिकतच नाही, हा आपला रोग आहे.

विहिरीतला सोडा

आतापर्यंत आपण पाणी किती हे पाहिलं. पण त्या पाण्यात कार्बनही असतो, हे ठाऊक आहे का?

मातीत मुळं आणि जिवाणू श्वास घेत असतात. त्यामुळे मातीच्या पोकळीतल्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड बाहेरच्या हवेपेक्षा दहापट, कधी शंभरपटही असतो. पावसाचं पाणी या हवेतून खाली जाताना तो वायू विरघळवून घेतं. सोडा वॉटरच्या बाटलीत हेच असतं, फक्त फार जास्त प्रमाणात. हे सौम्य आम्ल झालेलं पाणी बेसाल्टला हळूहळू झिजवतं. दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम पाण्यात येतं आणि विरघळलेल्या वायूचा होतो बायकार्बोनेट. विहिरीच्या, बोअरच्या पाण्यात तो असतोच. देशावर पाणी तापवायच्या भांड्यात पांढरा खडबडीत थर बसतो, तो त्याचाच.

पुढचा प्रवास तर फार सुंदर आहे. हे पाणी भेगांतून झऱ्यात, झऱ्यातून नदीत, नदीतून खाडीत जातं. तिथे तिसऱ्या, कालवं, शिवल्या पाण्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट घेऊन आपलं कवच बनवतात. म्हणजे हेटवण्याच्या वरच्या डोंगरावर एखाद्या ऐनाच्या पानाने हवेतून घेतलेला कार्बन कधीतरी धरमतरच्या खाडीत तिसरीचं कवच होऊन बसत असेल!

वणवा या साखळीत कुठे शिरतो? एक तर मातीतले श्वास घेणारे कमी होतात, म्हणजे तळचा सोडा सौम्य होतो. त्याच वेळी राख उलट काम करते. राख अल्कधर्मी असते. आपल्या आज्या राखेने भांडी घासायच्या ते उगाच नाही. पहिल्या पावसात राखेतले कार्बोनेट क्षार विरघळून वहाळात आणि काही अंशी जमिनीत जातात.

आणि कोळसा? दगडासारखा म्हटलेला कोळसाही अगदी अमर नाही. हवा, पाणी आणि जिवाणू त्याच्या कडा वर्षानुवर्षं कुरतडत राहतात आणि त्याचे अतिसूक्ष्म अंश पाण्यात चक्क विरघळतात. पाणी काळं दिसत नाही, पण जळिताचा कार्बन त्यात असतो. २०१३ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या नद्यांचं पाणी तपासून सांगितलं, की नद्यांतून समुद्रात जाणाऱ्या विरघळलेल्या सेंद्रिय कार्बनपैकी साधारण दहावा हिस्सा जळिताचा आहे. वर्षाला सुमारे २ कोटी ६५ लाख टन!

ब्राझीलमधली एक नदी तर आपल्यासारखीच पावसाळ्यात भरून वाहणारी. तिचं नाव पाराइबा दो सुल. तिच्या खोऱ्यातलं जंगल लोकांनी जाळून-तोडून साफ केलं. ही जाळपोळ १९७३च्या सुमारास थांबली. तरी कित्येक वर्षांनी संशोधकांनी पाहिलं तेव्हा दर पावसाळ्यात जमिनीतून जळका कार्बन झिरपून नदीत येतच होता. २०१२ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. विझलेल्या आगीचा हिशेब नातवंडांच्या काळातही चालू राहतो तो असा.

पिण्याच्या पाण्याशीही याचा संबंध आहे. २००३च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा इथे मोठी आग लागली. शहराला पाणी देणाऱ्या धरणांच्या वरचं जंगल जळलं. पुढच्या पावसात राख आणि माती धरणांत उतरून पाणी इतकं गढूळ झालं की शहराला पाण्याची नवी व्यवस्था उभारावी लागली. आपल्या पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचं पाणी नवी मुंबईपर्यंत जातं. तेव्हा इथल्या डोंगराची काळजी तिथल्या नळालाही असायला हवी, असं मला वाटतं.

जाता जाता याच्या अगदी उलट गोष्टही सांगते. कधीकधी भूजल हलल्यामुळे आग लागते! इंडोनेशियात दलदलीच्या जंगलात हजारो वर्षांचा न कुजलेला पालापाचोळा मीटर-मीटर जाडीचा साठलेला आहे. पाण्यात बुडालेला असेपर्यंत तो सुरक्षित असतो. भातशेतीसाठी कालवे खणून ते पाणी काढून टाकलं गेलं, थर वाळला आणि १९९७ साली जमीनच पेटली. त्या एका वर्षी तिथून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला असा अंदाज आहे. आपली माती तशी नाही, हे आपलं नशीब.

"बाई, मग आमची दाढ?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊकच होतं. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी भाताची शेती आहे. मार्च ते मेमध्ये घरोघर राब भाजतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर तोडलेली कवळं, त्यावर पातेरा-गवत, वर बारीक माती, आणि मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे आग पळत नाही, हळूहळू भाजत जाते. याच भाजलेल्या दाढीत भाताचं बी पेरतात. तणाचं बी मरतं, किडे मरतात, राखेचं खत मिळतं, माती भुसभुशीत होते. रोप जोमदार येतं.

ही पद्धत फार जुनी आहे. रायगडला कुलाबा म्हणत होते तेव्हाची, त्याच्याही आधीची. इंग्रजांच्या काळात जंगल खातं म्हणे, राबासाठी झाडं छाटू नका, आणि शेतकरी म्हणे, मग भात कसा पिकवू? व्होल्कर नावाचे रसायनतज्ज्ञ शेती पाहायला हिंदुस्थानात आले होते, त्यांच्या १८९३च्या अहवालातही राबाची चर्चा आहे.

म्हणून घरी जाऊन बाबांना किंवा आजोबांना "तुम्ही वणवा लावता" असं कुणी म्हणायचं नाही. राब आणि वणवा एक नव्हेत. एका हेक्टरच्या भाताला दहा गुंठे दाढ पुरते, म्हणजे शेताचा दहावा भाग, आणि तिथे माणूस उभा असतो. पण दोन गोष्टी आहेत. राब पेटवून माणूस जेवायला गेला आणि दुपारचा वारा सुटला, की राबाचाच वणवा होतो. आणि कवळांसाठी दरवर्षी डोंगरावरची झाडं छाटली जातात, शेण आणि पातेरा जळतो, म्हणजे मातीत जाणारा कर्ब हवेत जातो.

याला पर्याय आहेत का? आहेत. चांगलं कुजलेलं शेणखत घालून गादीवाफ्यावर रोप करता येतं. आपल्याच जिल्ह्यात कर्जत तालुक्यात नेरळजवळ शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी 'सगुणा राइस तंत्र' नावाची पद्धत काढली आहे. त्यात कायमचे गादीवाफे करतात, नांगरत नाहीत, चिखलणी-लावणी करत नाहीत, बी टोकतात. दाढच नाही, तर भाजायचं काय? कापणीनंतर भाताची मुळं जमिनीतच ठेवतात, ती कुजून कर्ब वाढतो. ज्यांचं शेत खोलगट, पाणथळ आहे त्यांनी आधी एका तुकड्यात करून पाहिलेलं बरं. शेतकऱ्याच्या घरात वर्षाच्या भाताचा प्रश्न असतो. सगळं एकदम बदला असं पगारदार बाईने सांगणं सोपं आहे, म्हणून मी ते सांगत नाही.

वणव्याच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. मुलांनी आग विझवायला डोंगरावर मुळीच जायचं नाही. वाऱ्याची दिशा बदलायला क्षणही लागत नाही. धूर दिसला की मोठ्या माणसांना सांगायचं, मोठ्यांनी वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. उपग्रहही आता आपल्या डोंगरांवर लक्ष ठेवून असतात. भारतीय वन सर्वेक्षण २००४ पासून उपग्रहाने टिपलेल्या आगीची माहिती राज्यांना देतं. पण उपग्रहाला दिसेपर्यंत आग मोठी झालेली असते. वाडीतल्या माणसाला ती काडीएवढी असतानाच दिसते. हिवाळा संपता संपता गवताचा पट्टा काढून जी जाळरेषा करतात, तिचा उपयोग तर सगळ्यांत मोठा. पेटतं गवत त्या मोकळ्या पट्ट्यापाशी येऊन उपाशी थांबतं!

करून पाहा

आम्ही वर्गात केलेले तीन प्रयोग तुम्हीही करा. यात काही पेटवायचं नाही.

पहिला, हळदीचा. कोऱ्या कागदाला हळदीचं पाणी लावून वाळवा. चुलीतली पूर्ण गार झालेली राख चमचाभर पाण्यात ढवळा, निवळू द्या आणि वरचं पाणी काडीने कागदावर लावा. पिवळ्याचा तांबडा रंग होईल. राख अल्कधर्मी असल्याचा हा पुरावा. मग लिंबाचा थेंब टाका आणि काय होतं ते बघा.

दुसरा, डब्याचा. पत्र्याच्या डब्याचं झाकण आणि बूड दोन्ही मोठ्यांकडून कापून घ्या. कडा बोथट करायला विसरू नका. तो डबा झाडाखालच्या पातेऱ्याच्या जागी जमिनीत दोन बोटं रोवा. एक तांब्या पाणी ओता आणि पूर्ण मुरेपर्यंत घड्याळ लावा. मग तेवढंच पाणी उघड्या, जळक्या किंवा तुडवलेल्या जमिनीत. दोन्ही वेळा वहीत लिहा. आमच्या मुलांनी आधी पैजा लावल्या होत्या, आणि हरलेल्यांनी सगळ्यांना चिंचा दिल्या.

तिसरा प्रयोग पावसाची वाट पाहायला लावणारा आहे. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर मोठ्या माणसाला बरोबर घेऊन गावच्या वहाळाचं पाणी काचेच्या बाटलीत भरा. वहाळ एखाद्या जळलेल्या डोंगरावरून येत असेल तर फारच छान. बाटली दोन दिवस हलवू नका. तळाशी आधी जाड वाळू बसेल, तिच्यावर तांबूस गाळ. आणि वर पाण्यावर काळे हलके कण तरंगत राहतील. त्यातला एक चिमटीत धरून कागदावर ओढा. काळी रेघ उमटली, तर तो कोळसा.